६० मैलांचा ब्रेस्ट कॅन्सर वॉक: पाय, पैसे आणि आई

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला असतेस, वय ४३, दिवसभर डेस्क जॉब. सुझन जी. कोमेन या अमेरिकेतल्या ब्रेस्ट कॅन्सर संस्थेच्या, नोव्हेंबरमधल्या सॅन डिएगोच्या थ्री-डे वॉकला नाव घालायचंय, म्हणजे तीन दिवसांत ६० मैल. आई नाशिकला. तिचं ब्रेस्ट कॅन्सरचं डाव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या, केमो, रेडिएशन सगळं होऊन दीड वर्ष झालं, आता रोज लेट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी. सप्टेंबरमध्ये सहा महिन्यांसाठी तुझ्याकडे येतायत आणि "मी पण चालणार, मी वारी केलीये" म्हणतायत. त्यांचा हात संध्याकाळी जड होतो, पायाच्या बोटांना अजून मुंग्या आहेत. पैसे मागायची तुला लाज वाटते. आणि नवरा म्हणतो की चालून काय होणार, सरळ टाटाला चेक पाठव.

मी कॅन्सर रिहॅबमधली फिजिओ, काम मुख्यतः ऑपरेशननंतर हात सुजणाऱ्या बायकांसोबत. शिवाय अशा लांब वॉकच्या मेडिकल टेंटमध्ये बरीच वर्षं लोकांचे पाय बांधलेत. त्यामुळे थोडं लांबेल, पण एकदाच सगळं लिहिते.

आधी अंतराचा अंदाज घे. ६० मैल म्हणजे जवळजवळ ९६ किमी, म्हणजे रोजचे ३२. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, सांग की वारीत पुणे ते सासवडचा दिवे घाटाचा टप्पा असतो ना, साधारण तेवढा रोज, सलग तीन दिवस, आणि मधे विसाव्याचा दिवस नाही. ज्यांनी तो टप्पा चाललाय त्यांना पुढचं समजवावं लागत नाही. तीन मैल ताशी वेगाने पिट स्टॉप (वाटेतले खाण्यापिण्याचे थांबे), जेवण, बाथरूमची लाईन धरून आठ-नऊ तास जातात दिवसाचे. इथे दम लागणं हा प्रॉब्लेमच नसतो, बोलत बोलत चालता येतं असा वेग आहे. टेंटमध्ये दम लागलेलं माणूस मी क्वचित पाहिलंय. येतात ते फोड घेऊन, काळी पडलेली नखं घेऊन, टाच नाहीतर नडगी धरून, आणि उन्हाने किंवा उगीच ढसाढसा पाणी पिऊन मळमळत असलेले. म्हणजे तयारी फुफ्फुसांपेक्षा तळव्यांची, आणि ती सलग दोन दिवस चालल्याशिवाय होत नाही.

थ्री-डेवाल्यांचं स्वतःचं ट्रेनिंग शेड्यूल २४ आठवड्यांचं असतं. मे संपत आलाय, म्हणजे तू अगदी वेळेवर विचारलंस. आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोन-तीन छोटे वॉक, ३ ते ५ मैलांचे, एखादा दिवस सायकल नाहीतर पोहणं, दोन दिवस पोटरी आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम. पण खरा जीव शनिवार-रविवारात आहे. सुरुवातीला शनिवारी ४ मैल, रविवारी ३. ऑगस्टअखेर १२ आणि १० च्या आसपास. ऑक्टोबरमध्ये एक वीकेंड असा यायला हवा की शनिवारी १८ आणि रविवारी परत १५. रविवारचे १५ कधीच सोडायचे नाहीत, शनिवारचे दोन कमी झाले तरी चालतील, कारण आदल्या दिवशीच्या दुखऱ्या पायांवर परत बूट चढवणं हेच तर शिकायचंय. शेवटचे दोन आठवडे मैल उतरते ठेव.

तुझ्याकडे अलमेडा क्रीक ट्रेल आहे, नाइल्सपासून खाडीपर्यंत एका बाजूने १२ मैल, लांब वॉकला त्याच्यासारखी जागा नाही, पण सगळं ट्रेनिंग तिथेच करू नकोस. दक्षिणेकडची बाजू डांबरी आहे ती घे, आणि महिन्यातून दोनदा तरी शहरातल्या फूटपाथवर सिग्नलला थांबत थांबत चाल, कारण थ्री-डेचा रूट बहुतेक शहरातूनच जातो आणि काँक्रीट पायाला वेगळंच लागतं. चढाची प्रॅक्टिस हवीच, सॅन डिएगोत पहिल्याच दिवशी टॉरी पाइन्सचा चढ असतो. चढाला सगळे घाबरतात पण नखं जातात ती उतारावर, बोटं पुढे जाऊन बुटावर आपटतात. उतरताना पावलं लहान टाकायची आणि त्याआधी घोट्याशी लेस आवळून घ्यायची.

आता बूट. संध्याकाळी, चालून आल्यावर, पाय फुगलेले असताना घ्यायला जा. नेहमीच्या नंबरापेक्षा अर्धा ते एक मोठा. दोन जोड्या, दोन्ही ऑक्टोबरच्या आत मुरलेल्या, आणि वॉकच्या तीन दिवसांत आलटून पालटून घालायच्या. कॉटनचे मोजे अजिबात नाहीत, ओले झाले की ओलेच राहतात आणि तिथूनच फोडाची सुरुवात. सिंथेटिक नाहीतर मेरिनो लोकरीचे घे, बोटांच्या मधे फोड येत असतील तर पाचबोटी मोजे. दुपारच्या जेवणाला बूट काढ, पाय पुसून कोरडे कर, मोजे बदल. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि मी सांगून सांगून थकते, कारण लोक त्या वेळात फोटो काढत बसतात.

फोड यायच्या आधी सांगून येतो. एखाद्या जागी गरम गरम, चुरचुरल्यासारखं वाटायला लागतं. तेव्हा "पुढच्या पिट स्टॉपला बघू" म्हणायचं नाही, तिथेच कठड्यावर बसायचं, मोजा काढायचा, जागा पुसायची आणि टेप लावायची. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापून घे, टोकेरी कोपरे मोज्यात गुंडाळून निघतात. टेपला सुरकुती राहिली तर ती सुरकुतीच फोड करते, म्हणून पाय ज्या स्थितीत सगळ्यात ताणलेला असतो त्या स्थितीत लावायची, टाचेवर लावताना पंजा वर ओढून. हे घरी पाच-सहा वेळा करून बघ. नखं चार-पाच दिवस आधी सरळ काप. मांड्या, काखा, ब्राची खालची पट्टी घासते तिथे व्हॅसलीन. लांब वॉकला जी ब्रा आणि जे कपडे घालशील तेच तिथे, नवीन काही नाही.

पाण्याबद्दल लोक चुकीचं सांगतात की जितकं प्याल तितकं चांगलं. असं नाहीये. आठ-नऊ तास हळू चालणाऱ्याने सतत नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि हा धोका सावकाश चालणाऱ्यांना जास्त, कारण त्यांना प्यायला वेळही जास्त मिळतो. मळमळ, डोकं दुखणं, बोटं फुगणं, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणं दिसली की पाणी थांबवून लगेच मेडिकलला गाठायचं. तहान लागेल तसं पी आणि बरोबर खारट खात राहा. पिट स्टॉपला प्रेट्झेल, चिप्स, स्पोर्ट्स ड्रिंक असतं. आपले खारे शेंगदाणे, चिवडा आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबतही उत्तम चालतं. अंगठी मात्र घरी ठेवून ये, तासन्‌तास हात खाली लोंबकळले की बोटं सगळ्यांचीच थोडी फुगतात.

आता काकूंकडे येते, कारण खरं उत्तर मला त्यांच्याबद्दलच द्यायचंय.

त्यांनी चालावं का? हो, आणि नोव्हेंबरची वाट न बघता आजपासून, नाशिकमध्येच. लेट्रोझोलवर सांधे धरतात, सकाळी उठल्यावर बोटं आणि गुडघे कडक होतात, आणि त्यावर नियमित चालणं आणि थोडी वजनं उचलणं यांनी खरंच आराम पडतो. "त्या हाताने काही उचलू नका" हे वाक्य आपल्याकडे बायकांना आयुष्यभरासाठी दिलं जातं, तेही जुनं झालंय. २००९ साली कॅथरिन श्मिट्झ यांच्या टीमचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, त्यात आधीच हात सुजणाऱ्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजनं वाढवली तर सूज वाढली नाही, उलट ती अचानक भडकण्याचं प्रमाण कमी झालं. यातला "देखरेखीखाली" आणि "हळूहळू" हा भाग विसरायचा नाही.

पण संध्याकाळी हात जड होतो म्हणजे तो आत्ताच दाखवायला हवा, सप्टेंबरमध्ये नाही. लिम्फिडीमाचं (काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला येणाऱ्या सुजेचं) शिक्षण घेतलेल्या फिजिओकडून दोन्ही हातांची मापं घ्यायची, ठराविक अंतरांवर टेपने, आणि ती कागदावर लिहून ठेवायची, म्हणजे पुढे "वाढलाय असं वाटतं" यावर भांडण नको. स्लीव्ह, म्हणजे हात दाबून ठेवणारी घट्ट बाही, मापानेच घ्यायची. शेजारणीची किंवा दोन वर्षांपूर्वीची ढिली झालेली नाही, रोजच्या वापरात ती साधारण सहा महिन्यांत सैल पडते. नुसत्या स्लीव्हने पंजा फुगत असेल तर सोबत ग्लोव्ह लागतो. विमानात त्यांच्या फिजिओने सांगितलं तर घालायची, पण विमानतळावर पहिल्यांदा घालून बघायची नाही. चालताना दोन्ही हातात ट्रेकिंग पोल दिले की दंडाचे स्नायू सतत काम करतात, हात लोंबकळत राहत नाही, खूप फरक पडतो. आणि त्या हातावर लाली, गरमपणा, ताप, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र काढायची नाही, ते इन्फेक्शन तासातासाने पसरतं.

पायाच्या मुंग्यांची मला हाताइतकीच काळजी वाटते. केमोने नसा बधिर झाल्या की ती जी चुरचुर मी वर सांगितली ती त्यांना कळणारच नाही, फोड फुटून रक्ताने मोजा भिजला की कळेल. त्यांचे पाय रोज चालून आल्यावर दुसऱ्याने बघायचे, तळवा, बोटांच्या मधे, टाच, चांगल्या उजेडात. बधिर पायाने तोलही जातो. शिवाय लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता तपासलेली असावी, आणि केमोत कुठली औषधं होती ते फाईलमध्ये बघून त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टला सरळ विचार की एवढ्या श्रमासाठी हृदयाचा इको करायला हवा का. सगळी फाईल फोनमध्ये स्कॅन करून ठेव.

त्यात इन्शुरन्स. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनचा आजार बहुतेक कव्हर नसतो, आणि हाताच्या इन्फेक्शनवर कंपनी तेच कारण पुढे करू शकते. पॉलिसी घेण्याआधी हा मुद्दा वाचून घे.

हे सगळं धरून माझं मत स्पष्ट सांगते. या वर्षी काकूंनी ६० मैलांना नाव घालू नये. वारी केली ती ऑपरेशनच्या आधी केली. उतरून आल्यावर दोन महिन्यांत, नवीन देशात, पायाला जाणीव कमी असताना आणि इन्शुरन्स अर्धवट असताना हे करायची काही गरज नाही. कोमेनचाच मोअर दॅन पिंक वॉक असतो, तो एका सकाळचा, किमान रकमेचीही अट नाही, जवळपास होत असेल तर तो दोघी मिळून करा. आणि सॅन डिएगोला त्यांना घेऊन जाच. रूटवर चियरिंग स्टेशन्स असतात, तिथे नातेवाईक, शेजारी, शाळेची पोरं उभी राहून ओरडत असतात, खाऊ वाटतात. काकूंनी तिथे खुर्ची टाकून डबाभर तिळाच्या वड्या वाटल्या तर दुपारी दोन वाजता थकून येणाऱ्या बायका त्यांना विसरणार नाहीत. पुढच्या वर्षी हात आणि पाय ठीक असतील तर चालू देत, आणि तेव्हाही दमल्या तर मागून स्वीप व्हॅन येते, तिच्यात बसून पुढच्या पिट स्टॉपला उतरता येतं. तुलाही हेच. व्हॅनमध्ये बसणं म्हणजे वॉक बुडाला असं कुणी समजत नाही तिथे.

दोन गोष्टींची त्यांना आधी कल्पना दे. एक, चालणाऱ्या कित्येकांच्या शर्टावर गेलेल्या माणसाचा फोटो आणि सालं असतात. बहीण, आई, कधी तिशीतली मुलगी. ज्यांची ट्रीटमेंट नुकतीच संपलीये त्यांना हे एकदम समोर आलं की हलायला होतं, आणि त्यांना तिथून थोडा वेळ बाजूला व्हायचं असेल तर होऊ दे. दुसरं, समारोपाला कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बायका आत येतात तेव्हा बाकीचे सगळे चालणारे पायातला एक बूट काढून हात उंच करून धरतात. ती तिथली मानवंदना आहे. आपल्याकडे चप्पल उगारण्याचा अर्थ माहितीये ना, काकूंना आधी सांगून ठेव नाहीतर त्या दचकतील.

आणि पैसे मागायच्या आधी त्यांना एक विचार: आई, तुझं नाव आणि तुझा आजार सांगितलेला चालेल का? आपल्या घरांमधे अजूनही "बाहेर बोलू नका" असतं, केमोत केस गेले तेव्हा "टायफॉइड झाला होता" असं सांगितलेली घरं मला माहितीयेत. तू फंडरेझिंग पेजवर आईचा फोटो टाकलास आणि तो नाशिकच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला तर ते परत घेता येत नाही. त्या नाही म्हणाल्या तर "घरातल्या एका जवळच्या व्यक्तीसाठी चालतेय" एवढं पुरतं, त्याने एक डॉलर कमी येत नाही. हो म्हणाल्या तर मजकूर त्यांना वाचून दाखव, कुठली वाक्यं काढायची ते त्या ठरवतील. कदाचित त्यांना स्वतःलाच चार ओळी लिहायच्या असतील, विचारून तर बघ.

किमान रक्कम बरीच वर्षं २३०० डॉलर राहिलीये, तुझ्या वर्षाची रजिस्ट्रेशन करतानाच बघून घे. आकडा मोठा वाटतो पण ५० डॉलरवाली ४६ माणसं म्हणजे २३००, आणि कंपनीचं मॅचिंग असेल, म्हणजे देणाऱ्याइतकीच रक्कम त्याची कंपनीही घालत असेल, तर २३. बे एरियात मॅचिंग नसलेल्या कंपन्या शोधाव्या लागतील, त्यामुळे प्रत्येक देणाऱ्याला "तुमची कंपनी मॅच करते का" एवढं विचारच. पहिलं डोनेशन तुझं स्वतःचं टाक, शून्य दिसणाऱ्या पेजवर कुणी देत नाही. ग्रुपवर एक सरसकट मेसेज टाकून काही होत नाही, सगळे अंगठा देतात आणि विसरतात. एकेकाला नावाने मेसेज कर, चार ओळी, रक्कम सांगून: "मी नोव्हेंबरमध्ये तीन दिवसांत ६० मैल चालणारे, ५० डॉलर देशील का, लिंक खाली." लाज वाटते ती आपण स्वतःसाठी मागतोय असं वाटतं म्हणून. लग्नाच्या आहेरात ५१ डॉलर निमूट देणारी माणसं यालाही देतात, फक्त विचारावं लागतं. वेळापत्रकही आपल्या बाजूने आहे, गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात दोन मिनिटं माईक मिळतो का बघ, आणि दिवाळी वॉकच्या आधीच येते, फराळाचे बॉक्स केले तर हातोहात जातात. फक्त बॉक्स विकून आलेले पैसे आणि थेट डोनेशन यांचा टॅक्सचा हिशोब एक नसतो, ज्याने चकली विकत घेतली त्याला पूर्ण रकमेची पावती द्यायची नाही.

नवऱ्याचा मुद्दा टाकाऊ नाही. तंबू, जेवणं, सिक्युरिटी, परमिटं यांचा तीन दिवसांचा खर्च मोठा असतो, तो डोनेशनमधूनच जातो. कोमेनचा फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेने सरकारला दिलेला वार्षिक हिशोब, सगळ्यांना बघायला खुला असतो, दोघांनी बसून वाचा, संशोधनावर किती आणि निधी उभारण्यावर किती ते त्यात दिसतं. आणि टाटाचं म्हणशील तर मुंबईत टाटा मेमोरियलने जे केलं त्याला तोड नाही: १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाच्या वर बायकांवर अभ्यास, मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेली स्तनांची तपासणी. २०२१ मध्ये निकाल बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, आजार लवकरच्या स्टेजला सापडायला लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांचं मिळून पाहिलं तर मृत्यूतली घट ठामपणे सिद्ध झाली नाही, पण गरीब वस्तीत परवडेल अशी गोष्ट म्हणून हे फार मोठं काम आहे. तेव्हा घरचा चेक टाटाला पाठवा, आनंदाने पाठवा. पण तू ६० मैल चालतेस म्हणून जी ४६ माणसं देतील त्यांनी एरवी कुठेच दिलं नसतं, आणि त्यातल्या निम्म्या बायकांनी तुझ्याशी बोलता बोलता आपली लांबवलेली मॅमोग्राफी करून घेतली तर तेही या चालण्यातूनच आलं. तुझंही लक्षात आहे ना, चाळिशी उलटलीये आणि आईला झालाय, डॉक्टरला फॅमिली हिस्टरी सांगून स्वतःचं स्क्रीनिंग आणि जेनेटिक टेस्टिंगबद्दल विचारून घे. हे वॉकच्या आधी.

कॅम्पचं थोडक्यात. गुलाबी तंबू, दोघींत एक, लहान असतो, डबल एअर मॅट्रेस मावत नाही. नोव्हेंबरमध्ये पाण्याजवळ रात्री दव इतकं पडतं की सकाळी सामान ओलं, म्हणून तंबूवर टाकायला प्लास्टिकची शीट आणि कपडे दिवसवार झिपच्या पिशव्यांत. कानटोपी, इअरप्लग, हेडलॅम्प, आणि संध्याकाळी घालायला मऊ रबरी चपला.

सोमवारची सुट्टी आत्ताच टाकून ठेव, रविवारी रात्री स्वतः गाडी चालवत फ्रीमॉंटला परतायचं नाही. दोन दिवस पाय उशीवर, फोड कोरडे, नख काळं पडलं असेल तर उपटायचं नाही, ते आपलं आपण जातं. आणि मॅचिंगचे फॉर्म लोक भरायचे विसरतात, कित्येक कंपन्यांची मुदत ३१ डिसेंबरला संपते, तेव्हा थँक यू पाठवतानाच त्यात तेही एक वाक्य घाल.